जन्मगावी परतताना: 'माझं गाव' म्हणण्याआधी

पासपोर्टच्या अर्जातला जन्मस्थानाचा रकाना भरायला दोन सेकंदही लागत नाहीत. पण लग्नाच्या बैठकीत किंवा नव्या सोसायटीत कुणी विचारले, "तुम्ही मूळचे कुठले?", की अनेक मराठी घरांत उत्तर एका शब्दात संपत नाही. कुलदैवत कोकणात, जन्म झाशीचा, कॉलेज ग्वाल्हेरला, नोकरी पुण्यात आणि आता नातवंडे सिडनीत! मग यातले 'मूळ' कोणते?

अशा घरांतले कुणीतरी एके दिवशी ठरवते, की एकदा जन्मगाव बघून यायचे. जुने घर विकले गेलेले असते, ओळखीची माणसे पांगलेली असतात, तरी ओढ असतेच. तुमच्याही मनात असा बेत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हॉटेल आणि तिकिटांची माहिती कुठेही मिळेल. आपण बोलूया ते त्या गावाशी असलेल्या नात्याबद्दल. जिथे जन्म झाला ती जागा आपोआप आपली होते का? आपले पूर्वज तिथे सत्ता घेऊन गेले असतील तर? आणि त्यांच्या आधी तिथे कोण राहत होते?

उदाहरण घेऊ झाशीचे, कारण मराठी माणसाला झाशी सांगावी लागत नाही. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने किंवा मुंबईहून पंजाब मेलने निघालात, की भोपाळनंतर ललितपूर, बबिना मागे पडतात आणि झाशी येण्याच्या थोडे आधी बिजौली लागते. आज हे नाव कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. पुढे झाशीचे मोठे जंक्शन, ज्याचे नाव डिसेंबर २०२१ पासून 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असे आहे. या पट्ट्यात मराठी कुटुंबे दोन वाटांनी आली. काही रेल्वे, लष्कर किंवा कारखान्यातल्या नोकरीमुळे, तर काही त्याआधी दीडदोनशे वर्षे, पेशव्यांच्या काळात. गुंतागुंत आहे ती या दुसऱ्या वाटेची.

आपण सांगतो ती गोष्ट, आणि राहून जाते ती

शाळेत शिकलेली गोष्ट तुम्हाला आठवत असेल. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या छत्रसाल बुंदेल्याने थोरल्या बाजीरावांना मदतीला बोलावले. बाजीराव धावून गेले. कृतज्ञ छत्रसालाने त्यांना मुलगा मानले आणि राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. मराठे बुंदेलखंडात गेले ते असे, पाहुण्यासारखे, मानाने.

ही गोष्ट खोटी नाही, पण झाशीला ती पुरत नाही. झाशी छत्रसालाची नव्हती. तो किल्ला ओरछ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधला आणि ती जागा ओरछ्याच्या बुंदेल्यांच्या ताब्यात होती. मराठ्यांच्या हातात ती आली ती ओरछ्याशी झालेल्या संघर्षातून. १७४२ च्या सुमारास नारोशंकर तिथे सुभेदार झाले. हे तेच नारोशंकर, ज्यांचे मंदिर आणि घंटा नाशिकला गोदाकाठी आपण बघतो. त्यांनी किल्ला वाढवला, गाव वसवले. गाव वसवण्यासाठी ओरछ्यातली माणसे झाशीत आणल्याचेही जुन्या इतिहासात सांगितले जाते. म्हणजे एक गाव भरताना शेजारचे रिकामे होत होते.

पुढे १७७० च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर सुभेदार झाले. नेवाळकरांचे मूळ गाव कोट, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर कारकून, भिक्षुक, वैद्य, शिलेदार, आचारी अशी कितीतरी माणसे तिकडे गेली. त्यांची मुले झाशीत जन्मली, नातवंडेही. ती घरात मराठी आणि अंगणात बुंदेली बोलू लागली. आजीला त्यांची वाटणारी झाशी ही काही लुटून आणलेली वस्तू नव्हती, ते तिचे माहेर होते.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सत्ता तलवारीने आली आणि माया रोजच्या जगण्यातून आली. जन्मगावी परतताना यातली एकच गोष्ट सोबत नेली, तर गाव अर्धेच दिसते.

'माझी' म्हणण्याचा हक्क कुणाचा?

"मी माझी झाशी देणार नाही," असे राणी लक्ष्मीबाई म्हणाल्याचे सांगतात. या वाक्यातल्या 'माझी' या शब्दाकडे जरा थांबून बघा. हे म्हणणारी मुलगी तांब्यांची मनकर्णिका, जन्म काशीचा. सासरचे लोक कोकणातले, झाशीत येऊन त्यांना जेमतेम ऐंशी वर्षे झालेली. तरीही 'माझी' या शब्दावर आज कुणी शंका घेत नाही. का? कारण राजवाडा सोडून पेन्शनवर निवांत राहता येत असताना त्या गावासोबत राहिल्या आणि त्यासाठी प्राण दिले. जन्माने नव्हे, तर निभावण्याने ती झाशी त्यांची झाली.

पण राणीच्याच काळात झाशीला 'माझी' म्हणणारी दुसरीही बाई होती. झाशीजवळच्या भोजला गावची, कोरी समाजातली झलकारीबाई. बुंदेलखंडातल्या लोककथा सांगतात, की वेढ्याच्या वेळी तिने राणीचा वेष घेऊन इंग्रजांना गुंतवून ठेवले. तिच्या नावे टपाल तिकीट निघाले ते २००१ मध्ये. राणीवर मराठीत आणि हिंदीत किती पुस्तके आली आणि झलकारीची गोष्ट इतकी वर्षे कुणाच्या तोंडी राहिली, यावरूनही कळते, की 'माझी' म्हणणाऱ्या सगळ्यांचा आवाज सारखा ऐकू जात नाही.

आणि तिसरे नाव दामोदररावांचे. १८५३ मध्ये गंगाधररावांचे निधन झाले, १८५४ मध्ये कंपनीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले. राणीच्या मृत्यूनंतर हा मुलगा रानावनांतून भटकत अखेर इंदूरला पोहोचला आणि १९०६ मध्ये तिथेच वारला. त्याच्या वंशजांनी आडनाव लावले 'झांशीवाले'. गाव हातातून गेले, तेव्हा त्यांनी ते नावात ठेवले. परक्या शहरात राहणाऱ्या कुणालाही हे दुःख सांगून समजवावे लागणार नाही.

सिडनीशी असलेला एक विसरलेला धागा

आता एक धागा असा, जो कळल्यावर हा विषय फक्त झाशीचा राहत नाही. संस्थान खालसा झाल्यावर राणीने कंपनीविरुद्ध दाद मागण्यासाठी एका वकिलाला झाशीला बोलावले. त्याचे नाव जॉन लँग. तो इंग्लंडचा नव्हता. त्याचा जन्म १८१६ मध्ये सिडनीजवळच्या पॅरामॅटाचा. ऑस्ट्रेलियात जन्मलेला पहिला कादंबरीकार म्हणूनही त्याचे नाव घेतले जाते. राणीच्या भेटीचे वर्णन त्याने पुढे लिहून ठेवले. तिची बाजू त्याने मांडली, पण उपयोग झाला नाही. १८६४ मध्ये तो मसुरीत वारला, त्याची कबर आजही तिथे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना जी भेट दिली, तीही याच लँगच्या कागदपत्रांशी संबंधित होती.

आता पॅरामॅटाकडे बघा. ती जमीन दारुग लोकांची, तिथल्या बुरामट्टागल कुळाची. इंग्रजांची पहिली जहाजे १७८८ मध्ये आली, तेव्हा त्यांनी धरून चालले, की ही जमीन कुणाच्याच मालकीची नाही. झाशीत कंपनी म्हणाली, वारस नाही. सिडनीत इंग्रज सरकार म्हणाले, मालक नाही. दोन्हीकडे माणसे समोर उभी होती. लँग झाशीच्या राणीसाठी लढला, पण तो ज्या मातीत जन्मला, तिथल्या माणसांची कैफियत घेऊन तेव्हा कुठल्याही न्यायालयात जाता येत नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही 'मालक नसलेल्या जमिनीची' कल्पना फेटाळली ती ३ जून १९९२ रोजी, टॉरस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे रहिवासी एडी माबो यांच्या खटल्यात. निकाल लागला, तेव्हा माबो हयात नव्हते. आज तिथे शाळेच्या कार्यक्रमाची किंवा सभेची सुरुवात त्या जागेच्या मूळ रहिवाशांचे नाव घेऊन होते. तुमची मुलगी किंवा नातू तिकडच्या शाळेत असेल, तर त्यांना हे पाठ असेल. पण नाव घेणे वेगळे आणि हक्क देणे वेगळे, हेही तिथे दिसले. आदिवासींचे म्हणणे संसदेपुढे मांडणारी संस्था राज्यघटनेत आणावी का, यावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झाले आणि बहुसंख्य मतदारांनी 'नाही' म्हटले.

तिकडे जन्मलेली आपली नातवंडे हा प्रश्न शाळेत शिकतात. तोच प्रश्न झाशीत विचारला तर?

बुंदेल्यांच्याही आधी

झाशीचा इतिहास आपण मराठ्यांपासून सुरू करतो. बुंदेलखंडातला माणूस बुंदेल्यांपासून करतो. पण ओरछा राजधानी झाली १५३१ मध्ये. त्याआधी गढकुंडारवर खंगार होते, त्याआधी चंदेल. प्रत्येकाने किल्ले, तलाव, देवळे बांधली, म्हणून त्यांची नावे राहिली. ज्यांनी दगडाचे काही बांधले नाही, त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात शोधावी लागतात.

सहरिया हे त्यांतले एक नाव. बुंदेलखंड, ग्वाल्हेर-शिवपुरी आणि राजस्थानच्या बारां भागात राहणारा हा आदिवासी समाज. मोहाची फुले, तेंदूपाने, डिंक, मध, चारोळी, औषधी मुळ्या हे त्यांचे जंगल. त्यांच्या वस्तीला 'सहराना' म्हणतात, आणि ती बहुधा गावापासून थोडी बाजूला असते. पेशव्यांच्या सनदा, बुंदेल्यांची दानपत्रे, इंग्रजांचे जमाबंदीचे कागद हे मुख्यतः महसुलाचे व्यवहार. जंगलात मोहाखाली पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याचे नाव त्यात कशाला येईल? पुढे १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारी झाले आणि तिथे राहणारा माणूस स्वतःच्या अंगणात घुसखोर ठरू लागला.

आता जरा नीट लक्ष द्या, कारण पुढची गोष्ट जुनी नाही. ललितपूर हा पूर्वी झाशी जिल्ह्याचाच भाग होता. १९७४ मध्ये तो वेगळा जिल्हा झाला. २००३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत सहरिया आले, पण फक्त ललितपूर जिल्ह्यापुरते. झाशी जिल्ह्यात तोच समाज अनुसूचित जातींच्या यादीत. आणि राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशात गेलात, तर तेच लोक विशेष असुरक्षित आदिवासी गटात. बहीण बबिन्याकडे आणि भाऊ तालबेहटकडे राहत असेल, तर एकाच आईची दोन मुले सरकारी कागदावर वेगळी.

याने फरक काय पडतो? बराच पडतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहत आणि कसत असल्याचे दाखवावे लागते. जो त्या यादीत नाही, त्याला त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे वास्तव्य असल्याचे सिद्ध करावे लागते. ज्यांच्या पूर्वजांना कुणी कागदच दिला नाही, त्यांनी ७५ वर्षांचा कागद कुठून आणायचा?

इथे आपल्या घरातली गोष्ट आठवून बघा. आपल्याकडे पणजोबांच्या नावाची पत्रे असतात, त्र्यंबकेश्वरच्या किंवा काशीच्या उपाध्यायांच्या वह्यांत वंशावळ असते, कोकणातल्या घराचा उतारा असतो. दोनशे वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्याला आपले मूळ दाखवता येते. कायम तिथेच असलेल्याला ते दाखवता येत नाही. जन्मगावी परतण्याच्या बेतात ही अस्वस्थता सोबत असायला हरकत नाही.

मग परत जायचे की नाही?

जायचे, नक्की जायचे. अपराधी वाटून घेण्यासाठी नव्हे. तुमची आजी झाशीत जन्मली हा तिचा गुन्हा नाही आणि तिला त्या गावाची माया वाटली हेही चूक नाही. फक्त पाहुणा आणि मालक यांच्या मधली एक जागा असते, शेजाऱ्याची. शेजारी हक्क गाजवत नाही आणि परक्यासारखा फोटो काढून निघूनही जात नाही. तो विचारपूस करतो. परतताना शेजारी होऊन जाता येते. त्यासाठी काही सोप्या गोष्टी:

घरातून निघण्याआधी विचारून घ्या. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसा. घर कोणत्या मोहल्ल्यात होते, पाणी कुठून यायचे, धुणीभांडी कोण करायचे, सरपण आणि मध कोण आणून द्यायचे, हे विचारा. राजेरजवाड्यांच्या गोष्टी त्या आपणहून सांगतील. सरपण आणणाऱ्या बाईचे नाव मात्र मुद्दाम विचारावे लागेल.

देवळात जा, मग देवळाबाहेर जा. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये राणीचे लग्न लागले, ते बघाच. राणी महाल, महालक्ष्मीचे देऊळ, लक्ष्मी तालाजवळची गंगाधररावांची छत्री बघा. त्यानंतर एक दिवस ओरछ्यासाठी ठेवा, म्हणजे झाशी कुणाकडून आली ते दिसेल. गढकुंडारला गेलात तर ओरछ्याच्या आधीचे दिसेल. आणि भोजला गाव यादीतून वगळू नका.

कागद बघा आणि त्यात काय नाही तेही बघा. आपल्याकडे जसा सातबारा, तशी उत्तर प्रदेशात खतौनी. जुन्या घराची किंवा जमिनीची खतौनी आता ऑनलाइनही बघता येते. आपल्या आजोबांचे नाव सापडले की आनंद होईल. त्याच कागदावर ती जमीन कसणाऱ्यांचे नाव होते का, हेही बघून ठेवा.

बुंदेली ऐका. 'हओ' म्हणजे हो, 'मोड़ा-मोड़ी' म्हणजे मुलगा-मुलगी, 'कक्का' म्हणजे काका. 'काए' ऐकून तर आपले 'काय' आठवेल. मुलांना हे शब्द फार आवडतात. आपल्याकडे नवरात्रात भोंडला असतो, तसा तिकडच्या मुलींचा नौरता असतो. त्या रंगांनी चित्रे काढतात, गाणी म्हणतात. मुलांना फक्त किल्ला दाखवला तर ती तोफा लक्षात ठेवतील. नौरता बघितला तर मैत्रिणी लक्षात ठेवतील.

वस्तीवर प्रेक्षक म्हणून जाऊ नका. सहराना हे पर्यटनस्थळ नाही. ओळखीचे कुणी शिक्षक, आरोग्यसेविका किंवा तिथे काम करणारे कार्यकर्ते सोबत असतील आणि लोकांची इच्छा असेल, तरच जा. न विचारता फोटो काढू नका, मुलांच्या हातात चॉकलेट किंवा पैसे देऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये गेलात, तर पहाटे मोहाची फुले वेचणाऱ्या बायका रस्त्यावरूनही दिसतील. मुलांना सांगा, की या झाडाशी यांचे नाते आपल्या गावापेक्षा जुने आहे.

उन्हाचा विचार करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात तिथला पारा सहज ४५ अंशांवर जातो. वयस्कर आईवडील किंवा लहान मुले सोबत असतील, तर उन्हाळी सुटीत हा बेत आखू नका.

मुलांना काय सांगाल?

मुले थेट विचारतात, "मग आपण तिथले की इथले?" याला उत्तर देताना घाई करू नका. "आपण मूळ कोकणातले, पणजी झाशीची, तू पुण्याची किंवा सिडनीची," असे क्रमाने सांगा. मग जोडीला सांगा, "आणि पणजीच्या झाशीत आपल्या आधी ओरछ्याचे लोक होते, त्यांच्या आधी खंगार, आणि जंगलात सहरिया. ते अजून आहेत." एवढ्याने मुलाचे झाशीवरचे प्रेम कमी होत नाही. उलट त्याला कळते, की गावावर प्रेम करणारे आपण एकटे नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. वनहक्काच्या दाव्यात वयस्कर माणसांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून धरले जातात. म्हणजे कुणाच्या तरी आजीची आठवण तिथे न्यायाच्या कामी येते. तुमच्या आजीच्या ट्रंकेत झाशी-ललितपूर भागातले जुने फोटो असतील, एखादे पत्र असेल, ज्यात त्या वस्तीचा किंवा तिथल्या माणसांचा उल्लेख आहे, तर त्याची प्रत काढा, वर्ष आणि जागा लिहा आणि जाताना सोबत घेऊन जा. ज्यांचा उल्लेख त्यात आहे, त्या वस्तीपर्यंत ती पोहोचवा. जन्मगावाहून आपण नेहमी मूठभर माती आणतो. या वेळी तिथे काहीतरी देऊन या.